गाडीतली सावली

"पूल आला," माझा नवरा व्हर्लिन म्हणाला.

रेडिओ गप्प झाला होता. वरून मालगाडी जाते तो पूल मागे पडला आणि फिडल पुन्हा वाजायला लागलं. व्हर्लिन माझ्याकडे वळून हसला, जणू पूल यानेच बांधलाय.

आमच्या नेब्रास्कात एका गावाहून दुसऱ्या गावाला जायचं तर गावातलं रेडिओ स्टेशन मक्याचे भाव सांगतं आणि मध्येच खरखरून मरतं. म्हणून मुलीने, कॉलीनने, त्याच्या पिकअपमध्ये हा उपग्रहाचा रेडिओ सुरू करून दिला. याला फक्त मोकळं आकाश लागतं. डोक्यावर पूल आला, दाट झाडं आली, की हा मुका. एरवी दिवसभर जुनी गाणी, मध्ये एक जाहिरात नाही. व्हर्लिन तर जावयापेक्षा रेडिओचं जास्त कौतुक करायचा.

मग त्याची दृष्टी गेली. कडेकडेचं धुरकट दिसतं, समोरचं काही नाही. लायसन्स त्याने स्वतःच नेऊन दिलं, शेत विकलं आणि आम्ही रस्त्यापलीकडच्या लहान घरात आलो. महिनाभर माणूस तोंडातून शब्द काढेना. स्वयंपाकघरात रेडिओ लावून दिला तर म्हणाला, "एका जागी बसून काय ऐकायचं? मी काय फ्रीज आहे?"

तेव्हा मीच पिकअप चालवायला घेतली. दर गुरुवारी गावात, कॅफेत त्याच्या मित्रांकडे. हा शेजारी, खिडकीत कोपर टाकून. समोरून गाडीचा आवाज आला की आमच्याकडच्या रिवाजाप्रमाणे गुडघ्यावरचं एक बोट वर करतो. आणि रेडिओ गप्प झाला की बरोबर सांगतो, आपण कुठे आहोत. पुलानंतर धान्याच्या कोठारांची शेड, तिथे रेडिओ उचकी लागल्यासारखा तुटतो. पण सगळ्यात आधी, घरातून निघाल्या निघाल्या, आमच्या जुन्या शेताच्या कडेची कॉटनवूडच्या उंच, दाट झाडांची रांग. धुळीच्या वादळांच्या वर्षांत त्याच्या बापाने बादलीने पाणी घालून जगवलेली. तिथे रेडिओ बराच वेळ गप्प राहायचा. "बाबा," व्हर्लिन तेवढंच म्हणायचा. शेत विकलं त्या दिवशीही म्हणाला होता, "झाडं तरी जागेवर आहेत."

जूनमध्ये शेताचा नवा मालक, ब्रॉक हास, दारात आला. टोपी हातात. व्हर्लिन आत झोपला होता.

"मिसेस लोहमन, ती झाडं काढतोय. शेताला पाणी देणारा फिरता पाइप अडतो त्यांना. म्हटलं, आधी तुमच्या कानावर घालावं."

"जमीन तुझी, झाडं तुझी," मी म्हणाले. "पण गुरुवारी काढ. आम्ही गावात असतो."

पोरगं भलं, ऐकलं त्याने. दिवसभर मी व्हर्लिनला गावात रेंगाळवलं, दोनदा ॲपल पाय खायला लावला, आणि परतताना लांबून, खडीच्या रस्त्याने आणलं.

"आज खडी का?" त्याने विचारलं.

"तुझ्या कंबरेला मालिश," मी म्हणाले.

पण दर वेळी खडी कुठून आणू? आठवडाभर माझ्या डोळ्याला डोळा नाही. डोळे गेले, गाडी गेली, शेत गेलं. आता बापाची झाडंही गेली, हे मी त्याला कुठल्या तोंडाने सांगणार होते?

पुढच्या गुरुवारी निघालो. जिथे रांग होती तिथे नुसते बुंधे, आणि आकाश इतकं मोठं की बघवेना. स्टिअरिंगवर आवाज बंद करायचं बटण आहे. मी ते अंगठ्याने दाबलं. गाणं थांबलं. रांग किती लांब होती याचा मनाने अंदाज घेतला आणि पुन्हा दाबलं.

"बाबा," व्हर्लिन म्हणाला.

मी रस्त्याकडे बघत राहिले. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण याला असं फसवलं नव्हतं कधी. मग पुढच्या गुरुवारीही फसवलं आणि त्याच्या पुढच्याही. हळूहळू हात बसला. येताना-जाताना माझा अंगठा आपोआप जायचा.

ऑगस्टमध्ये एका गुरुवारी सकाळीच ऊन कडक होतं. बुंधे आले, मी बटण दाबलं, थोड्या वेळाने पुन्हा दाबलं. गाणं सुरू झालं. या वेळी व्हर्लिन 'बाबा' म्हणाला नाही. त्याने खिडकीतलं कोपर आत घेतलं आणि दुसऱ्या हाताने चोळत बसला.

"अर्डिथ."

"काय?"

"जूनपासून माझं कोपर भाजतंय. इथे सावली असायची."

मी गाडी हळू केली. "व्हर्लिन, मला तुला—"

"आणि तू झाडं लवकर संपवतेस," तो म्हणाला. "बाबांनी वळणापर्यंत लावली होती."

डोळ्यांसमोर रस्ता पुसट झाला. वळण अजून लांब होतं. मी पुन्हा बटण दाबलं, आणि गाणं परत सुरू केलं ते वळण आल्यावरच.