खंडेनवमीचं तेल

मी ब्रेक पॅड. पुढच्या डाव्या चाकाचा, बाहेरच्या बाजूचा. नाव सांगूनही तुम्ही मला ओळखणार नाही, कारण मला नीट बघायचं तर चाक काढावं लागतं. चाक काढायची वेळ येते पंक्चर झाल्यावर, आणि तेव्हा सगळे बघतात टायरकडं.

तुमच्या तळहातापेक्षा थोडा लहान आहे मी. पाठीला लोखंडी पट्टी, पोटाला काळा, टणक थर. कारखान्यात भुकटी दाबून, भाजून मला बनवलं. माझ्याबरोबर माझा जुळा भाऊ बनला. आमच्या दोघांच्या मधे चाकाची लोखंडी चकती फिरत असते. गाडी चालवणाऱ्यानं पाय दाबला की आम्ही दोन्हीकडून तिला गच्च धरतो. ती थांबते, आम्ही तेवढेच झिजतो. झिजणं हेच माझं काम. त्याचं मला कधी वाईट वाटलं नाही.

एक गोष्ट मात्र माझ्याकडं आहे, जी भावाकडं नाही. माझ्या पाठीला पत्र्याची एक बारकी जीभ आहे. पोटाचा थर संपत आला की ती चकतीला टेकते आणि कुईं कुईं आवाज करते. जन्मभर मुकं राहायचं आणि शेवटी एकदाच बोलायचं. बोलायचं तेही एवढंच, की बाबांनो, मी संपत आलोय.

तीन वर्षांपूर्वी कराडच्या महावीरअण्णांनी आपल्या गॅरेजात मला या गाडीत बसवलं. गाडी वीरधवलची. तो ठिबक सिंचनाच्या कंपनीत कामाला. आज आटपाडीला डाळिंबाच्या बागेत, उद्या पाचगणीला स्ट्रॉबेरीच्या वाफ्यात. आटपाडीचा रस्ता मला आवडायचा. सरळ, सपाट, मधे फार तर शेरडं आडवी यायची. पाचगणीचा पसरणी घाट मात्र जीव घ्यायचा. चढताना नव्हे, उतरताना.

माणूस माझ्यावर पाय ठेवतो, म्हणून माणसाचं मन मला पायातून कळतं. साहेबाचा फोन आला की वीरधवलचा पाय जड व्हायचा. पगार झाला की हलका. त्याची बायको क्रांती मागच्या सीटवर पोरीला घेऊन बसायची. तिच्या पायाखाली काहीच नाही, तरी प्रत्येक वळणाला ती पाय दाबायची. वीरधवल आरशात बघून म्हणायचा, "अगं, मॅट फाटंल. तिकडं ब्रेक न्हाई."

"तुमचा हाय न्हवं? मग तुमी दाबा की," ती म्हणायची.

मी गाडीत आलो तेव्हा त्यांची शिवांजली दीड वर्षाची होती. आता बालवाडीत जाते. म्हणजे माझा थर किती उरला असेल, हिशेब तुम्हीच करा.

भाद्रपदाच्या शेवटी माझी जीभ टेकली. मी बोलायला लागलो.

"आवं, चाकातनं काय तर वाजतंय," क्रांतीनं पहिल्याच दिवशी सांगितलं.

"धूळ बसली आसंल. आटपाडीची हाय," वीरधवल म्हणाला आणि गाण्याचा आवाज वाढवला.

माणसांची ही एक रीतच आहे. आतून कुणी ओरडलं की बाहेरचा आवाज वाढवायचा.

मग खंडेनवमी आली. त्या दिवशी घरातल्या सगळ्या हत्यारांची, यंत्रांची पूजा. खुरपं, विळा, पाण्याची मोटर, क्रांतीचं शिलाई मशीन आणि अंगणातली गाडी. क्रांती शेजारपाजारच्या बायकांची ब्लाउजं शिवते. सकाळी तिनं मशीन पुसून काढलं, लांब नळीच्या कुपीतून प्रत्येक भोकात तेलाचा थेंब सोडला, चाक फिरवून बघितलं. मशीन कसं लोण्यासारखं फिरलं.

वीरधवलनं गाडी धुतली आणि पूजेसाठी दारापुढं आणून लावली. लावताना मी बोललो. कुईंऽऽ.

ओट्यावर ताट घेऊन बसलेल्या सासूबाईंनी, रंगूबाईंनी, कपाळाला आठी घातली. "सणाच्या दिवशी गाडी रडती गं. बरं न्हवं ह्ये लक्षान."

"आवो आत्या, बघत्यात ते दसरा झाल्यावर."

क्रांती सासूला आत्या म्हणते. त्या घरात आत्यांचा शब्द म्हणजे शेवटचा शब्द. "लक्षान बरं न्हवं" हे क्रांतीच्या मनात रुतून बसलं. उद्या दसरा. उद्या सगळ्यांनी पाचगणीला जायचं, नणदेकडं, सोनं द्यायला. पोरगी गाडीत असणार.

वीरधवल झेंडू आणायला गेला. रंगूबाई आत गेल्या. आणि क्रांती माझ्यापुढं येऊन उकिडवी बसली. हातात ती लांब नळीची कुपी. चाकाच्या भोकातून तिला चमकती चकती दिसत होती आणि कडेला थोडा मी.

मला कळलं ती काय करणार. माझ्याजवळ बोलायला एकच शब्द आणि तोही चाक फिरलं तरच निघणारा.

तिनं दोन थेंब सोडले. मग अजून चार. मशीनला देते तसेच, जिवाभावानं. "आता रडू नको हां," असं हळूच म्हणालीसुद्धा. मग चाकाला हळदीकुंकू लावलं.

संध्याकाळी गाडी आत घेताना मी गप्प होतो. रंगूबाई म्हणाल्या, "बघ, नारळ फोडला आन थांबलं." क्रांतीनं कुपी मशीनच्या खणात ठेवली. मनातून तिला बरं वाटलं असणार. मी मात्र तेल पिऊन बसलो होतो, चकतीवरून ते भावालाही पोचलं होतं. माझं सगळं काम घासण्यावर चाललेलं, आणि माझ्या पोटावरचा खरखरीतपणाच गेला होता.

दसऱ्याला सकाळी निघाले, रंगूबाई पुढच्या सीटवर. हायवेला वीरधवलनं दोनदा ब्रेक दाबला आणि म्हणाला, "गाडी उजवीकडं वढती जरा. टायरमधी हवा कमी-जास्त आसंल."

हवा नव्हती ती. उजव्या चाकातला माझा सोबती चकती धरत होता, मी नुसता सरकत होतो. चढायला ब्रेक लागत नाही, त्यामुळं पाचगणी सुखात आली. नणंद सोनियानं बासुंदी केली होती. शिवांजलीनं मूठभर आपट्याची पानं सगळ्यांना वाटली, उरलेली फ्रॉकच्या खिशात कोंबली.

दुपारी उतरायला लागले. घाटाचं तोंड लागलं आणि वीरधवलनं नेहमीचं केलं. गिअर काढून गाडी न्यूट्रल केली. उतार आहेच, गाडी आपसूक पळती, पेट्रोल फुकट का जाळा? आमच्या भागातल्या कितीतरी ड्रायव्हरांना ही हुशारी वाटते. पण गाडी गिअरमध्ये असली की इंजिन तिला मागं ओढून धरतं. न्यूट्रल केली की सगळी गाडी, चार माणसांसकट, आमच्या अंगावर. मी तीन वर्षं हे सोसलं होतं. मला भाजून भाजून लवकर संपवलं ते यानंच.

पाचव्या की सहाव्या वळणावर खालून एसटी आली. वीरधवलनं पाय दाबला. उजवा सोबती तापून तापून आधीच थकला होता, तरी त्यानं होतं तेवढं धरलं. मी धरायला गेलो आणि घसरलो. गाडीनं उजवीकडं झेप घेतली, थेट एसटीपुढं.

वीरधवल दोन्ही पायांनी दाबत होता. मागं क्रांती मॅट दाबत होती. मला दोघंही सारखीच वाटली त्या क्षणी. दोघांच्याही पायाखाली काही नव्हतं.

एसटीवाल्यानं गाडी कडेला दाबून जागेवर उभी केली. वीरधवलनं हँडब्रेक ओढला, स्टेअरिंग डावीकडं मारलं. आमची गाडी एसटीला वीतभर अंतरानं चुकवून रस्त्याच्या कामाच्या खडीत घुसली आणि थांबली. आपट्याची पानं गाडीभर उडाली. शिवांजलीचं कपाळ पुढच्या सीटला लागून टेंगूळ आलं. तेवढंच. तेवढ्यावरच भागलं.

एसटीचा ड्रायव्हर खाली उतरला. घामानं भिजलेला. "पाव्हनं, रस्ता घरचा हाय व्हय?" असं ओरडत आला आणि मागच्या सीटवरच्या पोरीला बघून थबकला. स्वतःची पाण्याची बाटली त्यानं क्रांतीच्या हातात दिली. तिला टोपण उघडता येईना.

दुसऱ्या दिवशी गाडी ट्रकवर चढवून कराडला अण्णांच्या गॅरेजात आणली. बॉनेटवर झेंडूची माळ तशीच. वीरधवल क्रांतीला म्हणाला, "तू कशाला येतीस?" ती म्हणाली, "मी येणार." पोरीला कडेवर घेऊन आली.

अण्णांनी चाक उतरवायच्या आधीच वीरधवलनं मोबाईल पुढं केला. "ह्ये बघा अण्णा. मोठ्या चकत्या, भोकं पाडलेल्या. रेसची पॅडं. लाल रंगाचं सगळं. माझं ठरलंय. हे कंपनीचं आता नको. भरवसाच उडाला माझा."

अण्णांनी चष्मा वर करून बघितलं. "झ्याक दिसतंय. गाडी रेसला न्यायची हाय का आटपाडीला?"

"चेष्टा नका करू. पोरगी हुती गाडीत."

अण्णांनी पाना उचलला. चाक काढलं, मला बाहेर काढलं. तीन वर्षांनी मी ऊन बघितलं. थर नखाएवढा उरलेला. अण्णांनी अंगठा फिरवला आणि त्यांची भुवई चढली. अंगठ्याचा वास घेतला. मग चाकामागचं रबर न् रबर, नळी न् नळी तपासली. सगळं कोरडं.

"झिजलंय ते झिजलंय, पण ह्ये तेल कुठनं आलं? ब्रेक ऑइल न्हवं ह्ये. गळती तर कुठंच न्हाई." त्यांनी अंगठा फडक्याला पुसला. "उतारावर गिअर कंचा हुता?"

"तिसरा," वीरधवल म्हणाला.

मी ऐकलं. क्रांतीनंही ऐकलं, पण तिला गिअरमधलं कळत नव्हतं. ती माझ्याकडं बघत होती. अण्णांच्या हातातल्या माझ्या चमकणाऱ्या पोटाकडं.

"कारण सापडल्याबिगर मी गाडी ताब्यात देणार न्हाई गड्या," अण्णा म्हणाले.

"म्हणून तर म्हणतोय, सगळंच नवं, मोठं बसवा. मग कारण कशाला शोधायचं?"

क्रांतीला ही पळवाट मिळाली होती. मोठे ब्रेक बसले असते, मी भंगारात गेलो असतो आणि तेलाची गोष्ट कुणालाच कधी कळली नसती. तिनं पोरीचं टेंगूळ पदरानं झाकलं.

अण्णा म्हणाले, "रेसच्या पॅडचं एक हाय. त्येला आधी तापाय लागतं. तापल्याबिगर धरत न्हाई नीट. सकाळी तू घरनं निघालास, बालवाडीपुढं एखादं ल्येकरू आडवं आलं, तर त्ये काय थांबणार हाय का, तुजं पॅड तापस्तोवर?"

क्रांतीनं पोरीला खाली उतरवलं. इतक्या बारीक आवाजात बोलली की माझी कुईं मोठी वाटावी. "अण्णा, तेल म्या घातलं."

अण्णांनी मान वर केली.

"मशीनचं. नवमीला. सहा थेंब. वाजत हुतं म्हणून. आत्या म्हणल्या, गाडी रडती. मला वाटलं, मशीनसारखंच असंल. मला काय ठावं, घासूनच थांबतं ते. माझ्या हातानं मी…"

वीरधवलचा चेहरा लाल झाला. त्यानं तोंड उघडलं. मला वाटलं, आता हिला चारचौघात बोलणार. त्यानं खडीनं खरचटलेल्या बंपरकडं बघितलं, मग पोरीकडं.

"तिसरा नव्हता, अण्णा," तो म्हणाला. "न्यूट्रल हुती. रोजच असती."

अण्णांनी मला फरशीवर ठेवलं. "मग आता बोला, भरवसा कुणावरनं उडाला पायजे? हिनं सहा थेंब घातलं, तू तीन वर्सं भाजलंस. बिचारं वाजून वाजून सांगत हुतं. येकानं गाणं मोठं केलं, येकीनं तेल घातलं."

बिचारं म्हणाले ते मला. मला कुणी पहिल्यांदाच काहीतरी म्हणालं.

मग ठरलं. लाल ब्रेक नकोत. गाडीच्या वजनाला कंपनीनं जे दिलंय तेच, पण पुढच्या दोन्ही चाकांचं सगळं नवं, चकत्यासुद्धा. एका चाकाचं बदलून भागत नाही. ब्रेक ऑइलही नवं. "आन घाटात ज्या गिअरमधी चढतोस, त्याच गिअरमधी उतरायचं," अण्णांनी दम दिला. "पेट्रोल वाचवतोय म्हणं!"

निघताना क्रांतीनं मला उचललं. वर्तमानपत्रात गुंडाळलं. वीरधवल म्हणाला, "भंगार कशाला घेतीस?" ती म्हणाली, "असू द्या."

आता मी तिच्या शिलाई मशीनशेजारी असतो. ब्लाउजपीस कापताना कापड सरकू नये म्हणून ती मला वर ठेवते. तेल पुसलंय, धार लागू नये म्हणून पाठीला चिंधी शिवलीय. आयुष्यभर धरून ठेवायचं काम केलं, अजूनही तेच करतोय. शिवांजली कधी कधी माझी जीभ नखानं वाजवते. क्रांती दचकते आणि तिचा हात धरते.

ती अजून नीट झोपत नाही. वीरधवल घाटात गेला की कात्री हातात तशीच राहते. संध्याकाळी गाडी वळणावर आली की मशीन थांबवून कान देते. नवीन पॅड वाजत नाहीत. वाजणारही नाहीत, अजून दोन-तीन वर्षं. पण तिला गप्प चाकाचीच जास्त भीती वाटते आता. पायाखाली टाचेनं ती फरशी दाबते. तिथंही ब्रेक नाही.

बाई, मला तुला सांगता येत नाही, पण घाबरू नको. तो तिसऱ्यात उतरतो, गाडी दारात आली की नव्या पॅडांना जळका वास नसतो, त्यावरून मला कळतं. एक दिवस ते नवे बोलतील. कुईं करतील. सण असेल, पाहुणे असतील, आत्यांच्या कपाळाला आठी पडेल. तेव्हा तेलाची कुपी तुझ्या हातात असेल आणि मी तुझ्या कापडावर. माझ्याकडं बघ. कुपी खाली ठेव. आणि नवऱ्याला हाक मार, गाण्यापेक्षा मोठ्यानं.