बगळ्याचा तिसरा पाय

नाजियाचा मोबाईल जुना होता, आणि जरा जड काम सांगितलं की धापा टाकायचा. चित्र काढायच्या ॲपमध्ये तिसरा थर घेतला की गप्पच व्हायचा. बाकीचे चित्रकार रेघा एका थरावर, रंग दुसऱ्यावर, सावल्या तिसऱ्यावर अशी ऐसपैस कामं करतात. नाजिया रेघा काढायची, त्यात रंग मिसळून सगळ्याचा एकच थर करून टाकायची, आणि मोबाईलमध्ये जागा व्हावी म्हणून मागचं सगळं पुसायची. ढाणकीतल्या घरात बसून, बोटानं, चार वर्षं तिनं अशीच चित्रं काढली. तक्रार करायची कुणाकडे?

ढाणकीत तिला कुणी चित्रकार म्हणत नव्हतं. तिथं ती अब्दुल गनींची लग्नाला आलेली पोरगी, सारखी मोबाईलमध्ये तोंड घालून बसलेली. चित्रकार ती फक्त 'रेघोट्या' नावाच्या ऑनलाइन ग्रुपवर होती. तिथले नऊशे चित्रकार बहुतेक मोठ्या शहरांतले. पण नाजियाचं चित्र आलं की थांबून बघायचे, त्यातल्या रंगांवरून आपसात वाद घालायचे. नाशिकची अर्पिता तर एकदाही न भेटता तिची जिवाभावाची मैत्रीण झाली होती. अख्ख्या जगात या पोरीला एवढी एकच जागा होती, आणि तिला ती पुरत होती.

या उन्हाळ्यात तिनं बाजाराचं चित्र टाकलं. बगळे दुकानं मांडून बसलेत, तराजूत सावली तोलून विकतायत, आणि घामाघूम माणसं रुमाल पसरून रांगेत उभी आहेत. दहा-बारा दिवसांनी ग्रुपच्या वार्षिक पुस्तकाच्या मुखपृष्ठासाठी तेच निवडलं गेलं. दोन दिवस नाजियाचे पाय जमिनीवर नव्हते.

तिसऱ्या दिवशी एकानं लिहिलं, "कोपऱ्यातल्या त्या बगळ्याला तीन पाय आहेत. हे चित्र एआयनं बनवलेलं आहे."

तिसरा पाय म्हणजे दुकानाच्या पालाचा बांबू होता. पण बघायचंच नाही त्याला काय दाखवणार! संध्याकाळपर्यंत शंभर शहाणे बगळ्यांचे पाय मोजायला बसले. अर्पिता एकटी तिच्या बाजूनं भांडली. ग्रुप चालवणाऱ्या विमलताई सरळ मनाच्या बाई. त्यांनी लिहिलं, "नाजिया, माझा तुझ्यावर विश्वास आहे. फक्त थरांची मूळ फाईल रविवारपर्यंत पाठव, म्हणजे विषय संपला."

नाजियाकडे फाईल होतीच कुठे?

खरं सांगायचं होतं तिला. जुना मोबाईल, एकच थर, पुसून टाकलेलं सगळं. तिनं ते लिहिलंसुद्धा. पण वाचून पाहिलं तर तिलाच तो चोराचा बहाणा वाटला. खोडून टाकलं. इथं पोरगी चुकली. तेव्हा कुणीतरी तिचा हात धरायला हवा होता हो! तिनं चुलत बहिणीचा, फरहानाचा, नवा मोबाईल मागून आणला आणि तीन दिवस बसून तेच चित्र पुन्हा काढलं, या वेळी नीट सहा थरांवर. रेघ न् रेघ तिचीच होती. आपलंच चित्र आपण पुन्हा काढलं तर त्यात खोटं काय, अशी तिनं मनाची समजूत घातली, आणि 'ही मूळ फाईल' म्हणून पाठवून दिली.

फाईल कधी सुरू केली, त्याची तारीख फाईलमध्येच नोंदलेली असते. हे नाजियाला कुठून ठाऊक असणार? विमलताईंना ती दिसली. तारीख त्याच आठवड्यातली, आणि चित्र तर त्याच्या पंधरा दिवस आधीच ग्रुपवर झळकलं होतं.

त्यांनी जाब विचारला, तेव्हा तिनं खरं ते सगळं सांगितलं. आता ऐकतो कोण? विमलताईंनी चार ओळींत तिला ग्रुपमधून काढल्याचं कळवलं. मुखपृष्ठ बदललं. तिची चार वर्षांची चित्रं, त्यांच्याखालच्या गप्पा, सगळं तिच्यासाठी बंद झालं. अर्पिताचा तेवढा एक मेसेज आला: "तुझ्यासाठी मी सगळ्यांशी वाईटपणा घेतला गं. निदान मला तरी खरं सांगायचंस." खरं काय ते नाजियानं तीनदा लिहून पाठवलं. उत्तर आलं नाही.

दुपारी अब्बा जेवायला आले तेव्हा ती भिंतीकडे तोंड करून पडली होती. अब्दुल गनी पूर्वी दुकानांच्या पाट्या रंगवायचे. फ्लेक्स आले तसे कुंचले ठेवून कूलर दुरुस्तीला लागले. पोरीला असं रडताना त्यांनी फारसं पाहिलं नव्हतं. ताट बाजूला सारून ते तिच्याजवळ बसले.

"काहून रडून राह्यली, बेटा? कोनी काही बोललं का?"

हुंदके देत तिनं त्यांना सांगितलं. बगळे, थर, तारीख, अर्पिता. अब्बांनी सगळं ऐकून घेतलं आणि तिच्या डोक्यावरून हात फिरवला. नाजियाला वाटलं, चला, एक माणूस तरी आहे.

"येवढंच ना?" अब्बा म्हणाले. "मंग लपवाचं कायले? सरळ सांगून टाकाचं होतं त्याइले, मोबाईलनं काढलं म्हनून. चार वर्सापासून मी पाहून राह्यलो. तू नुसतं बोट फिरवतं, अन् मोबाईल बराबर काढून देते. याच्यात तुह्यी काय चूक?"

नाजियानं डोळे पुसून त्यांच्याकडे पाहिलं. त्यांच्या डोळ्यांत नुसती माया होती.

"हो, अब्बा," ती म्हणाली. "मोबाईलनंच काढलं."