गादीचं गाणं

मैदानावरचे कर्णे सांभाळणाऱ्याला सगळे भोंगा म्हणत. संघ खालच्या गटात घसरणार की तरणार, हे ठरवणारा सामना तोंडावर आला होता आणि भोंग्याचं बोट बटणावर अडलं होतं. काचेच्या खोलीत त्याच्या मानेशी क्लबचे अध्यक्ष उभे होते. त्यांच्या मागे त्यांचे जावईबापू, स्वतः रचलेलं नवं गाणं घेऊन.

"आज गादी वाजली तर तू घरी," अध्यक्ष म्हणाले. "जिथं जावं तिथं आपल्याला गादीवाले म्हणतात."

गादी म्हणजे गादीची जाहिरात. भोंग्याचे दाजी या संघाचे गोलकीपर. ते गेले तेव्हा मैदानात शांतता पाळायची होती. रडता रडता भोंग्याचं कोपर भलत्याच बटणावर पडलं आणि सगळ्या कर्ण्यांतून एक बाई लाडात गाऊ लागली, 'दमलास ना राजा, शांत झोप आता, पाठीला आमचा आधार.' लोक आता आपल्याला सोलणार, असं भोंग्याला वाटलं. लोक ढसाढसा रडले. पुढच्या सामन्याला त्यांनी ते स्वतःहून म्हटलं, 'घरपोच मोफत' या ओळीसकट. पुढे कंपनी बुडाली, गाणं तरलं आणि दर सामन्याआधी वाजू लागलं.

मोबाईल वाजला. ताई. ती खाली प्रेक्षकांत, दाजींची जर्सी घालून बसलेली.

"अरे, लाव की! डोळा लागला का?"

"ताई, नोकरीचा प्रश्न आहे गं."

"मग बघ बाबा तुझं तू." तिने फोन ठेवला. चार शिव्या घातल्या असत्या तर परवडलं असतं.

भोंग्याने नवं गाणं लावलं. ढोल, वाघाच्या डरकाळ्या, 'आम्ही वादळ, आम्ही वादळ!' अख्खं मैदान चिडीचूप.

"भारावलेत," जावईबापू पुटपुटले.

तेवढ्यात ताईच्या कोपऱ्यातून आवाज उठला, 'दमलास ना राजा...' मग शेजारची रांग, मग समोरची बाजू.

"आवाज वाढव," अध्यक्ष म्हणाले.

भोंग्याने वाढवला. लोकांनीही वाढवला. काच खुळखुळू लागली. वादळ आणि गादी एकमेकांच्या उरावर बसली. खाली पंचाने शिट्टी फुंकली. गाल फुगलेले दिसले, आवाज कुणालाच आला नाही. पंच तणतणत बाहेर गेला आणि खोलीतला फोन खणाणला. कर्णे बंद करा, नाहीतर सामना रद्द आणि गुण पाहुण्यांना.

"साहेब, सामना जाईल हातचा."

"गाणं संपू दे. एकच कडवं राहिलंय."

"दोन," जावईबापू म्हणाले.

भोंग्याने सगळी बटणं खाली ओढली. वादळ गपकन मेलं. गादी चालूच राहिली, बेसूर, मोठी, कर्ण्यांची गरज नसलेली.

"किल्ल्या ठेव," अध्यक्ष म्हणाले.

भोंग्याने किल्ल्या ठेवल्या आणि जिने उतरून ताईच्या शेजारी जाऊन उभा राहिला. तिने वर न बघता जागा केली.

"काढलं मला."

"कळलं. म्हण आता."

त्याने छातीवर हात ठेवला.

"तिथं काय ठेवतोस? पुढच्याच्या पाठीवर ठेव."

वरून इतकी वर्षं त्याला नुसत्या टोप्या दिसल्या होत्या, पाठींवरचे हात नाहीत.

"आणि पहिल्या रांगेतले?"

"ते कुंपण धरतात."

भोंग्याने समोरच्या अनोळखी पाठीवर हात ठेवला. मागून कुणाचा तरी जड, घामट पंजा त्याच्या पाठीवर पडला, आणि पंचाची शिट्टी झाली तरी उचलला गेला नाही.