नऊ वाजताचा सूर

वाद्य घ्यायचं ठरलं ते हाताचा व्यायाम करून घेणाऱ्या बाईंच्या सांगण्यावरून. मिस्त्रीच्या मेहुण्याच्या उजव्या हाताची मधली दोन बोटं जाऊन दहा महिने झाले होते. जखम कधीच भरली होती, पण उरलेली बोटं अंग चोरून मुठीत बसून राहायची. त्यांना रोज अर्धा तास तारा छेडायला लावा, बाई म्हणाल्या. गिटार जड पडेल, त्यापेक्षा चार तारांचं युकुलेले घ्या, आणि घ्याल ते स्वस्तातलं घ्या. शिकाऊ माणसाचा उत्साह किती टिकेल याची हमी कुणी द्यावी?

मिस्त्री मात्र महागातलंच घ्यायचं म्हणून हटून बसला. तो एका कंपनीत लिफ्टचा मिस्त्री. दहा-बारा इमारतींच्या लिफ्टा त्याच्याकडे होत्या, त्यात तो स्वतः राहायचा ती सात मजली इमारतही आली. मेहुणा म्हणजे त्याच्या बायकोचा धाकटा भाऊ. अपघातापर्यंत तो मिस्त्रीच्याच हाताखाली काम करायचा. नोकरी गेल्यापासून त्यांच्याकडे सातव्या मजल्यावर राहत होता. एरवी एकच चप्पल तीनदा शिवून घालणारा आपला नवरा भावासाठी एवढा हात सैल सोडतो, याचं बायकोला कौतुक वाटलं. खाई त्याला खवखवे, हे तिच्या मनात यायचं काही कारणच नव्हतं.

खवखव अशी होती. लिफ्टवाल्यांत एक नियम आहे, आणि दहाही बोटं शाबूत ठेवलेले म्हातारे कारागीर तो नव्यांना पहिल्या दिवशी सांगतात: ज्याचा हात आत, त्याच्या खिशात किल्ली. मशीन पुसायचं तर मेन स्विच बंद करायचा, त्याला कुलूप घालायचं आणि किल्ली हात घालणाऱ्याने स्वतःजवळ ठेवायची, म्हणजे घाईत दुसरा कुणी स्विच चालू करूच शकत नाही. त्या दिवशी याच सात मजली इमारतीच्या मशीनखोलीत मेहुणा फडक्याने दोराचं चाक पुसत होता आणि किल्ली मिस्त्रीच्या खिशात होती. खाली लोक खोळंबले होते, बेल वाजत होती, शिव्या जिन्यातून वर येत होत्या. मिस्त्रीने कुलूप काढलं आणि स्विच चालू केला.

इस्पितळात त्याने सांगितलं, मी ‘हात काढ’ म्हणालो होतो, यानं ऐकलं नाही. मेहुणा तेव्हा बेशुद्ध होता. सगळ्यांनी ते खरं धरलं, कंपनीने निष्काळजीपणाचा शेरा मारून त्याला घरी बसवलं, आणि पुढे मेहुण्यानेही त्या दिवसाबद्दल ब्र काढला नाही. त्याला काही आठवत नसणार, असं मिस्त्री स्वतःला दिवसातून चारदा सांगायचा.

त्या दिवसापासून मिस्त्रीने इतर सगळ्या इमारतींची मशीनं पाहिली, पण स्वतःच्या इमारतीच्या मशीनखोलीत पाऊल टाकलं नव्हतं. खोली गच्चीवर, त्याच्याच घराच्या डोक्यावर. तिच्या दाराला आतून दरमहा तपासणीचं कार्ड टांगलेलं असायचं, बारा चौकोनांचं. वर्षाच्या सुरुवातीला नवीन कार्ड आलं तेव्हा त्याने दार जेमतेम उघडलं, उंबऱ्यावर उभ्याउभ्या बाराही चौकोनांत सह्या ठोकल्या, कार्ड अडकवलं आणि कुलूप लावून खाली आला. झाकली मूठ सव्वा लाखाची. रोज शंभर-दीडशे माणसं त्या लिफ्टने वरखाली करत होती, आणि सकाळी नऊला चष्म्याच्या दुकानात कामाला निघणारी त्याची बायकोही.

वाद्यांच्या दुकानात शिरल्याशिरल्या मिस्त्रीने भिंतीवरच्या सगळ्यात चकचकीत नगाकडे बोट दाखवलं. मालकीणबाईंनी आधी त्याच्याकडे पाहिलं, मग मेहुण्याच्या हाताकडे, आणि म्हणाल्या, रांगणाऱ्या पोराला कुणी घोड्यावर बसवतं का? खालच्या फळीवरची साध्या प्लायवूडची चार त्यांनी समोर मांडली. रंगीबेरंगी घेऊ नका, ती खेळणी असतात. तारा मानेपासून फार उंच नकोत, बोटं सोलवटतात. एकेक तार प्रत्येक पट्टीवर दाबून बघा, खरखरली की ठेवून द्या.

मेहुणा लिफ्टच्या कामात शिकलेल्या सवयीने बघत होता, घाई न करता. पहिलं तिसऱ्या पट्टीवर खरखरलं. दुसऱ्याची मान वाकडी निघाली. तिसरं दोघांनाही आवडलं. सूर लावून त्याने ते मांडीवर ठेवलं आणि नुसता बसून राहिला. पाच मिनिटांनी छेडलं तर सूर उतरला होता. पुन्हा लावला, पुन्हा उतरला. नवी तार ताण घेतेच, बाई म्हणाल्या, पण इथे मागची खुंटीच सरकत होती.

“स्वस्तात लाकूड साधं चालतं, आवाज बारीक चालतो,” त्या म्हणाल्या. “ढिली खुंटी मात्र चालत नाही. वरून सगळं जागच्या जागी दिसतं आणि आतून रोज थोडं थोडं सुटत असतं.”

मेहुण्याने मान डोलावली. मिस्त्री उगाचच दुकानाबाहेर जाऊन उभा राहिला.

चौथं घेतलं. त्याच्याबरोबर सूर जुळवायचा एक चिमटा फुकट मिळाला, वाद्याच्या डोक्याला लावायचा, बोटभर पडद्याचा. तो हवेतला आवाज ऐकत नाही, लाकडाची थरथर ओळखतो, असं बाईंनी समजावलं. लाकूड थरथरलं की पडद्यावर सुराचं अक्षर उमटतं आणि खाली काटा हलतो. सूर बरोबर असला तर काटा मधोमध आणि हिरवा. उतरला तर डावीकडे आणि लाल.

वाद्य पुढच्या खोलीत खिळ्याला टांगलं. त्या भिंतीच्या पलीकडे लिफ्टचा बोगदा होता, याचा कुणी विचार केला नाही. दुसऱ्या दिवशी नऊ वाजता मेहुणा चिमटा चालू करून वाद्य उतरवायला गेला, तर हात लागण्याआधीच पडद्यावर ‘ए’ उमटलं. काटा मधोमध, हिरवागार. तारा मात्र स्तब्ध होत्या.

बायको पर्स खांद्याला लावत म्हणाली, घ्या, भूत सुरात आहे, आणि हसत कामाला गेली.

“मोटर आहे,” मेहुणा म्हणाला. “भिंतीतून येतंय.” त्याने कॅलेंडरवरच्या त्या तारखेत काट्यासारखी एक छोटी उभी रेघ काढली.

पुढचे चार दिवस रेघ उभीच राहिली. पाचव्या दिवशी ती थोडी डावीकडे कलली. आठव्या दिवशी कुणीही सांगावं इतकी कलली. मेहुण्याने आता एक विचित्र सवय लावून घेतली होती. रोज सकाळी नवाला तो शेवटची तार त्या भिंतीच्या सुराला जुळवायचा आणि दिवसभर तशीच ठेवायचा. संध्याकाळी मिस्त्री घरी आला की तो अंगठ्याने तीच एक तार छेडत बसलेला असायचा, आणि ती कालच्यापेक्षा खाली गेलेली मिस्त्रीला स्वयंपाकघरात बसूनही कळायची.

दहाव्या दिवशी पडद्यावरचं अक्षरच बदललं.

“भाऊजी, मोटर जड चालतेय. तिला काहीतरी ओढतंय,” मेहुणा म्हणाला. “वर बघितलंत?”

“बघितलं की. गेल्याच आठवड्यात.”

“मग?”

“ठणठणीत आहे. आता हे प्लायवूड मला लिफ्ट शिकवणार काय?”

मेहुण्याने वाद वाढवला नाही. फक्त त्या तारखेची रेघ जवळजवळ आडवी काढली. मिस्त्रीला आता त्याच्या गप्प बसण्याचीच भीती वाटू लागली. चोराच्या मनात चांदणं. मेहुण्याने मीठ मागितलं तरी त्यात त्याला दुसराच अर्थ ऐकू यायचा.

तो दोनदा गच्चीवर गेला. पहिल्यांदा कुलपात किल्ली घालून परत फिरला. दुसऱ्यांदा दाराला कान लावला. लिफ्ट धावली की आतून फट् फट् असा मऊ आवाज येत होता, ओलं कापड कुणी हळूहळू दगडावर आपटावं तसा. लिफ्ट थांबली की तोही थांबायचा. मिस्त्रीची पाचावर धारण बसली. दुसऱ्या मिस्त्रीला बोलवावं म्हटलं तर तो आधी दारामागचं कार्ड बघणार. लिफ्ट बंद ठेवावी म्हटलं तर कारण लिहून द्यावं लागणार. तेव्हा त्याने घाबरट माणसाला सुचतं तेवढंच केलं: बायकोला म्हणाला, जिना उतरत जा, गुडघ्यांना चांगलं असतं. ती म्हणाली, लिफ्टवाल्याची बायकोच जिन्याने जायला लागली तर लोक लिफ्टमध्ये पाय ठेवतील का?

पंधराव्या दिवशी ती नेहमीसारखी नऊला बाहेर पडली. मिस्त्री बूट घालत होता. चिमट्यावर अक्षर उमटलं, लाल काटा डावीकडे गेला आणि थांबलाच नाही. अक्षर बदललं, पुन्हा बदललं, आणि पडदा कोरा झाला. मग भिंतीपलीकडून, खालून, बेल वाजू लागली.

“ताई आहे आत,” मेहुणा म्हणाला.

मिस्त्री हत्यारांची पिशवी घेऊन धावला. मेहुणा मागे होता. मिस्त्रीला किल्ली कुलपात बसवता येईना, शेवटी मेहुण्याने आपल्या तीन बोटांनी ती फिरवली. आत जळक्या कापडाचा वास कोंडला होता. चाकाच्या मागे दांड्याला काळंकुट्ट काहीतरी करकचून गुंडाळलं गेलं होतं. एका टोकाला निळ्या चौकड्या अजून दिसत होत्या. मेहुण्याच्या जुन्या शर्टाचं फडकं, त्या दिवसाचं. ते मशीनखाली पडलेलं कुणी उचललंच नव्हतं. त्याचं टोक कधीतरी दांड्यात सापडलं होतं आणि प्रत्येक फेरीला ते आणखी आवळत गेलं होतं.

मेहुण्याने स्विच बंद करून कुलूप घातलं. मग त्याची नजर दारामागच्या कार्डावर गेली. त्याने ते नीट, वरपासून खालपर्यंत वाचलं.

“अजून तीन महिने यायचेत,” तो म्हणाला. “त्यांच्याही सह्या झाल्यात.”

मिस्त्रीने स्विचच्या किल्लीसाठी हात पुढे केला. मेहुण्याने किल्ली स्वतःच्या खिशात टाकली.

“हात घाला, भाऊजी. ताई अडकलीय.”

बेल थांबून थांबून वाजत होती. दुसरं कुणी असतं तर मिस्त्रीने हुज्जत घातली असती; पण खाली दोन मजल्यांच्या मध्ये त्याची बायको लटकत होती, आणि नियम आपणच मोडलेला माणूस नियमाची आठवण कोणत्या तोंडाने करून देणार? तो गुडघ्यांवर बसला आणि चाकाच्या मागे कोपरापर्यंत हात घातला. सुरीने एक पदर कापला, मग दुसरा. कापड कडक झालं होतं. पाठीमागे पावलं स्विचकडे गेली. मग किल्ली कुलपात शिरल्याचा आवाज आला, बारीक आणि स्पष्ट.

“त्या दिवशी तुम्ही ‘हात काढ’ म्हणाला होतात?”

मिस्त्रीला हात मागे घेता आला असता. पण फडकं अर्धं सुटलं होतं. आता सोडलं आणि स्विच चालू झाला तर दांडा ते पुन्हा गिळणार आणि बायको तिथेच राहणार. दहा महिने जे तोंडात धरून ठेवलं होतं ते एवढंसं होतं.

“नाही,” तो म्हणाला. “नव्हतो म्हणालो.”

“ठाऊक आहे मला. मी इस्पितळात बेशुद्ध होतो. इथे शुद्धीवर होतो.”

मिस्त्रीने डोळे मिटून ओढलं आणि शेवटचा पदर निघाला. “निघालं,” तो म्हणाला.

“हात काढा, भाऊजी,” मेहुणा म्हणाला. स्पष्ट, मोठ्याने. “काढलात?”

“काढला.”

“दाखवा.”

मिस्त्रीने वळून दोन्ही हात वर धरले. मेहुण्याने एकेक बोट बघितलं, दहाही, आणि मगच कुलूप काढून स्विच चालू केला. चाक फिरू लागलं. फट् फट् नव्हतं. बेल थांबली होती, आणि घाबरलेली माणसं करतात तसं बायकोने घरच्या मजल्याचं बटण दाबलं असावं, कारण लिफ्ट वर येत होती.

मेहुण्याने दारामागचं कार्ड काढून त्या फडक्याबरोबर मिस्त्रीच्या हातात दिलं.

“ताईला तुम्हीच सांगा,” तो म्हणाला. “मी बाजूला उभा राहतो.”

चाक थांबलं. खाली लिफ्टचं दार सरकलं, आणि जिन्यातून बायकोची हाक आली, “अहो, काय झालं होतं?”