यादीतली सगळ्यात स्वस्त वस्तू

मी एक जुनी चहाची गाळणी आहे. मित्रांनो, हसू नका. माझ्यातून आजवर इतका चहा गेला आहे की तो एका जागी साठवला असता, तर त्यात जहाज तरंगलं असतं आणि कप्तानानं वाकून बिस्किट बुडवलं असतं. माझ्या जन्माच्या वेळी कारखान्यातलं मोठं यंत्र शिंकलं, म्हणून मला इतकी बारीक भोकं पडली, असं शेजारचा झारा सांगायचा. पण झारा थापाड्या होता. त्याचीच भोकं इतकी मोठी की त्याच्यात खरं काही टिकायचं नाही.

कारखान्यातून मी एका भांड्यांच्या दुकानात आले. तिथल्या दुकानदारकाकांनी नवी योजना काढली होती. लग्न ठरलेल्या जोडप्यानं संसाराला लागणाऱ्या वस्तू निवडायच्या. काका त्यांची यादी भिंतीवर लावणार आणि पाहुण्यांनी त्यातलीच एकेक वस्तू भेट म्हणून घ्यायची. घेतली की यादीवर काट. “एका घरात सहा घड्याळं, आणि सहाही वेगळी वेळ दाखवणारी, हे माझ्या दुकानातून होणार नाही,” असं काका म्हणायचे. एकच वस्तू दोनदा जाऊ द्यायची नाही, याचा त्यांना भारी अभिमान.

एका दुपारी एक मुलगी होणाऱ्या नवऱ्याला घेऊन आली. ती लाँड्रीत इस्त्री करायची, तो बसगाड्या दुरुस्त करायचा. दोघांचे नातेवाईकही त्यांच्यासारखेच, महिनाअखेरीला खिसे चाचपणारे. म्हणून तिनं सगळं साधंच निवडलं. एक पातेलं, एक तवा, दोन ताटं, एक बादली.

“एक मोटारसायकलही लिहून ठेव,” तो म्हणाला. “एखाद्याचं डोकं फिरलं तर आपलं भलं.”

“तुझे मामा आहेत की. त्यांचं फिरलेलंच असतं.”

मग तिनं गल्ल्याजवळच्या टोपलीतून मला उचललं. “काका, ही पण लिहा. अगदी शेवटी.”

“अगं, ही काय भेट झाली? ही तुला मी अशीच देतो.”

“नको काका. यादीतच लिहा.”

काका आत गेले तसा तो हळूच म्हणाला, “गाळणी तर आहे आपल्याकडे.”

“दादा येत नाही म्हणतोय,” ती म्हणाली. “शिडीवरून पडल्यापासून हाताला काम नाही. म्हणतो, मोठा भाऊ मी, रिकाम्या हातांनी कसा येऊ? म्हणून त्याला सांगितलंय, दुकानात यादी लावतेय, त्यातलं काहीही चालेल.”

“मग काकांना सांग ना, ही त्याच्यासाठी बाजूला ठेवा.”

“आणि त्याला कळलं तर? परत तोंड दाखवणार नाही. त्याला वाटायला हवं की त्यानंच शोधून काढली.”

हा दादा दुकानांच्या पाट्या रंगवायचा. आईवडील गेल्यावर त्यानंच तिला वाढवलं होतं. तिच्या शाळेच्या दप्तरावर त्यानं तिचं नाव असं झोकात रंगवलं होतं म्हणे, की दप्तर नव्हे, बँक वाटावी. तो तिला ‘बारके’ म्हणायचा. ती सासरी निघताना तो दारात उभा असावा, एवढंच तिला हवं होतं.

म्हणजे मित्रांनो, ती सबंध यादी माझ्यासाठी होती. पातेलं, तवा, बादली ही सगळी वरात, आणि नवरी मी. मी टोपलीत अशी ताठ बसले की दांडा दुखायला लागला.

सगळ्यात आधी आली तिची आत्या. “यादी कसली लावता? भेट आहे की वसुली?” असं घरोघरी सांगत फिरलेली हीच ती. तिनं यादी खालून वर वाचायला घेतली आणि पहिल्याच ओळीला थांबली.

“ही द्या. चकचकीत कागदात गुंडाळा आणि वर माझं नाव मोठं लिहा. तोवर मी भाजी घेऊन येते.”

काकांनी काट मारली. मला गुंडाळून गल्ल्यावर ठेवलं. आता मला दिसत काही नव्हतं, ऐकू मात्र सगळं येत होतं.

थोड्या वेळानं कुणीतरी आत आलं. पावलं यादीसमोर थांबली, ती बराच वेळ हललीच नाहीत.

“ती शेवटची गाळणी...?”

“आत्ताच गेली बघा,” काका म्हणाले.

“दुसरी असेल ना?”

“आहेत की ढीगभर. पण त्यांच्याकडे दोन होतील. आपल्याकडे तसं चालत नाही. बादली घ्या, छान आहे.”

“कितीला?”

काकांनी किंमत सांगितली.

“चांगली आहे,” तो माणूस म्हणाला. “येतो जरा वेळानं.”

त्याची बाही माझ्या कागदाला घासून गेली. मला ओरडता येत असतं तर त्या दिवशी दुकानाचं छप्पर उडालं असतं. पण गाळणी ओरडत नाही. तो जरा वेळानं आला नाही.

लग्नाच्या दिवशी भेटींच्या टेबलावर मी होते. ढकलाढकलीत माझा कागद जरा फाटला होता, त्या फटीतून मला दिसत होतं. मित्रांनो, गाळणी कितीही कागदात गुंडाळली तरी गाळणीच दिसते. तिनं मला लांबूनच ओळखलं. तिचा चेहरा असा उजळला, की तसा मी पुन्हा कधी पाहिला नाही.

“दादा आलाय,” ती नवऱ्याला म्हणाली.

मला हातात धरून ती त्याला शोधत सुटली. जिन्यात पाहिलं, चपलांपाशी पाहिलं, मागच्या अंगणात पाहिलं. मग मला उलटं केलं आणि वरचं नाव वाचलं.

“आवडली ना गं?” आत्या मागून म्हणाली. “रोज सकाळी माझी आठवण काढशील.”

“हो आत्या,” ती म्हणाली. “तुम्ही जेवलात का?”

पुढे ती पातेल्याला झाकण घ्यायला दुकानात गेली, तेव्हा काका सहज बोलून गेले. “तुझ्या यादीसाठी एक जण आला होता बघ, हात गळ्यात बांधलेला. गाळणीच हवी म्हणत होता.” ती झाकण तिथंच ठेवून दादाच्या खोलीवर गेली. खोलीत दुसरंच बिऱ्हाड होतं. तो कुठं गेला, हे मालकिणीला सांगून गेला नव्हता.

आता माझी जाळी फाटली आहे. चहा दुसरी गाळणी गाळते, मी खिळ्याला लटकते. परवा तिची लेक म्हणाली, “आई, ही टाकून दे ना.”

“राहू दे. ती मामाची आहे. त्यानं द्यायची राहिलीय.”

मित्रांनो, वस्तूंची काळजी घ्या, असं सांगायची आमची रीत आहे. पण मला घासू नका, पुसू नका, वाटल्यास भंगारात टाका. तुम्हाला कुणी लग्नाला बोलावलं तर खिशाला विचारू नका, उठा आणि जा. आणि पाट्या रंगवणारा, एक हात जरा वाकडा असलेला माणूस कुठं भेटला, तर त्याला सांगा की बारकीला गाळणी नको होती. त्याला म्हणावं, हात हलवत ये.