एका वाक्याचा चहा

प्रेमलताबाई शाळेकडे निघाल्या तेव्हा वाटेत भेटलेल्या एकाचीही विचारायची हिंमत झाली नाही, की बाई, कुठं चाललात म्हणून. पदर कमरेला खोचलेला, चपला फटाफटा वाजताहेत आणि ओठ घट्ट मिटलेले. ओठ मिटलेल्या प्रेमलताबाई गावानं कधी पाहिल्याच नव्हत्या. तिगावच्या अलीकडचं हे चार गल्ल्यांचं गाव. इथं एखाद्या दिवशी शाळेची घंटा ऐकू येणार नाही, पण प्रेमलताबाईंचा आवाज ऐकू येणारच. सासू झोपेतसुद्धा बोलते, असं त्यांची सून उर्वशी माहेरी जाऊन सांगते, आणि ते काही खोटं नाही. तर अशी बाई गप्प निघालीय म्हणजे आज कुणाची तरी धडगत नाही, एवढं लोकांनी ओळखलं.

धडगत नव्हती ती मोनाली मॅडमची. मॅडम मूळच्या सौसरच्या, राहायला पांढुर्ण्यात. रोज स्कूटीवरून येतात आणि तिसरीला शिकवतात. प्रेमलताबाईंची नात प्रणाली त्यांच्याच वर्गात. आणि याच मॅडमनी पोरीच्या डोक्यात असं काही भरवलं होतं की तिनं आज सकाळी आजारी आजोबांचा चहा अडवून धरला होता.

आता हे नीट सांगायचं तर आधी पुंडलिकरावांचं सांगावं लागेल. पुंडलिकराव म्हणजे प्रेमलताबाईंचे मालक. पांढुर्ण्याच्या संत्रा मंडीत उभी हयात यांनी हर्रासाची, म्हणजे लिलावाची, बोली पुकारली. संत्र्याच्या ढिगावर चढून उभे राहिले की आवाज पार रस्त्यापलीकडच्या चहाच्या टपरीपर्यंत जायचा, आणि नागपूरचा व्यापारी हातातला कप टाकून धावत यायचा. बोलणाऱ्याची माती विकते अन् न बोलणाऱ्याचं सोनं पडून राहते, हे त्यांचं आवडतं वाक्य. घरी आले की मात्र गप्प बसायचे. दिवसभर मी बोललो, आता तू बोल, म्हणायचे, आणि बाजेवर आडवे होऊन बायकोची बडबड ऐकायचे. प्रेमलताबाईंना काय, तेच हवं होतं.

दिवाळीच्या आधी त्यांना लकवा मारला. हात सुधारला, पायही सुधारला, काठी घेऊन अंगणात फिरू लागले. पण वाचा गेली ती गेलीच. नागपूरचा डॉक्टर म्हणाला की जीभ वळते, कान ऐकतात, समजतं सगळं, आता यांना बोलतं करा. घरी आल्यावर पुंडलिकरावांच्या तोंडून निघालं ते फक्त एक "हूं". आंबिया बहाराची संत्री गेली, मृगाची तोडायला आली, महिने लोटले, तरी घरात तेच हूं.

प्रेमलताबाईंनी मात्र सेवेत तसूभर कमी केलं नाही. तहान लागायच्या आधी पाणी. नजर खुंटीकडे गेली की अंगावर शाल. भुवई हलली की चहा. पाहुणा आला आणि काय पुंडलिकराव, कसं काय, म्हणाला की ते तोंड उघडायच्या आत या बोलून मोकळ्या: रात्री झोप नाही लागली त्यांना, डाव्या खांद्यात कळ आहे, भूक बरी आहे, आणि आज सकाळी पोहे नको वाटून राहिले त्यांना. सगळं खरं असायचं बरं का! नवऱ्याच्या मनातलं त्यांना त्याच्यापेक्षा आधी कळायचं. सेवा करावी तर प्रेमलतानं, असं सारा गाव म्हणायचा, आणि त्याही मनातून म्हणायच्याच. फक्त रात्री अंथरुणाला पाठ टेकली की जीव कासावीस व्हायचा. हा माणूस आता कधी माझ्याशी बोलणारच नाही काय? एवढा एकच प्रश्न, आणि तो कुणाला विचारायचा हे काही त्यांना कळत नव्हतं.

अशा घरात प्रणालीनं शाळेतला बाजार आणला.

बाजार म्हणजे शब्दांचा. हा मुलूख मध्य प्रदेशातला, म्हणून शाळा हिंदी, पुस्तकं हिंदी, आणि पोरं घरून घेऊन येतात ती आपली बोली. त्यामुळं पोरं वर्गात मुकी होतात, म्हणून मॅडमनी ही युक्ती काढली. आठवडाभर प्रत्येकानं शब्द गोळा करायचे: घरातले, बगीच्यातले, पुस्तकातले, कोणत्याही भाषेतले. शनिवारी पोतं अंथरून दुकान मांडायचं. ज्याला शब्द हवा त्यानं तो वाक्यात बसवून दाखवायचा. वाक्य हीच किंमत. फुकट काही मिळत नाही. पोरगी घरी येऊन हे इतक्या रंगात सांगायची की उर्वशीच्या पोळ्या तव्यावर करपायच्या.

इथवर ठीक होतं. पण आज सकाळी प्रेमलताबाई गोठ्यातून आल्या तर काय पाहतात? पुंडलिकराव बाजेवर बसलेले, चेहरा लालबुंद, हात पुढं केलेला. समोर प्रणाली, मांडीवर चहाचा कप, कपावर बशी झाकलेली, आणि स्वतःच्या ओठांवर बोट. काल हिनं पाण्याच्या पेल्याशीही असंच काही चालवलं होतं, ते बाईंना तेव्हा आठवलं.

"आबाजी, फुकट नाई," पोरगी अगदी शांतपणे म्हणाली.

बाईंचं टाळकंच सटकलं. कप हिसकावला, नवऱ्याच्या हाती दिला, पोरीच्या पाठीत एक धपाटा घातला. पोरगी रडली नाही. मॅडमले विचार, एवढं म्हणाली आणि दप्तर उचलून चालती झाली. मग काय, विचारायलाच तर निघाल्या होत्या प्रेमलताबाई.

वर्गाच्या दारात पोचल्या तर आत कोण गोंधळ! बाकं भिंतीला लावलेली, जमिनीवर ओळीनं पोती, पोत्यांवर खड्यांखाली दाबलेल्या चिठ्ठ्या. एक पोरगा ओरडतोय, घ्या घ्या, ताजा शब्द, आत्ताच झाडावरून तोडला! दुसरी सांगतेय, हा आमच्या आजोळचा, लोधीखेड्याचा माल आहे, इकडं भेटत नाई. मोनाली मॅडम सगळ्यांच्या मधून फिरत होत्या, पण बोलत कमी होत्या. बाईंना पाहून त्या पुढं आल्या, नमस्कार केला, आणि बाईंनी तोंड उघडायच्या आत म्हणाल्या, की काकू, बाजार उठला की बोलू, तोवर बसा. आणि पोतं सरकवलं. आता भांडायला आलेल्या माणसाला कुणी बसायला पोतं दिलं तर भांडावं कसं? बाई बसल्या.

शेजारच्या दुकानात एका मुलीला 'पऱ्हाटी', म्हणजे कापसाचं झाड, हा शब्द घ्यायचा होता. पऱ्हाटी शेतात असते, ती म्हणाली. दुकानदारीण मोठी खमकी. एवढ्यात तर वाळकं बोंडही नाई येत, वाढव, म्हणाली. मुलीनं डोळे मिटले, ओठ चावला, आणि म्हणाली, की पऱ्हाट्या उपटून उपटून माह्या बाबाच्या हाताले इतके फोड आले का थो आता जेवाले चमचा मागते. चिठ्ठी ताबडतोब तिच्या हातात पडली. प्रेमलताबाईंना हसू आलं, पण त्यांनी ते पदराआड दाबलं. भांडायचं होतं ना अजून.

मग कुलदीप प्रणालीच्या दुकानासमोर आला. हे पोरगं बोलताना अडखळतं, साऱ्या गावाला ठाऊक. त्यानं 'गारवा' या चिठ्ठीवर बोट ठेवलं. प्रणालीनं ओठांवर बोट ठेवलं. आजूबाजूच्या पोरांनी पाहिलं आणि एकेक करत सगळ्यांनी ओठांवर बोट ठेवलं. गिऱ्हाईक विचार करत असलं की दुकानदारानं बोलायचं नाही, आणि शेजाऱ्यानंही नाही, हा या बाजाराचा मोठा नियम. एवढा गजबजलेला वर्ग चिडीचूप झाला. कुलदीपची हनुवटी हलली, गळ्यातली शीर फुगली, शब्द काही येईना. बाहेर कुणाची तरी मोटारसायकल सुरू झाली, गेली, तिचा आवाजही विरला. पोरं बसून. मॅडम बसून. एकाच्याही चेहऱ्यावर घाई नाही.

प्रेमलताबाईंना राहवेना. किती पाहावं माणसानं! आणि त्यांच्या तोंडून गेलंच, "अरे सांग ना बापा, झाडाखाली गारवा असते!"

वर्गानं असा श्वास ओढला की जणू कुणी भरला माठ फोडला. आजीनं वाक्य फोडलं, आजीनं वाक्य फोडलं! सगळ्या माना मॅडमकडे वळल्या. मॅडम हसल्या नाहीत. दंड सगळ्यांना सारखा, म्हणाल्या. मग काय, भांडायला आलेल्या प्रेमलताबाई ओठांवर बोट ठेवून पोत्यावर बसल्या, आणि नातीनं एकदा मागं वळून खात्री करून घेतली की बोट नीट ठेवलंय ना.

पुन्हा शांतता. कुलदीपनं ते तयार वाक्य उचललं नाही. मान हलवून त्यानं ते बाजूला सारलं. आणि मग, तुटत तुटत, तो म्हणाला, की माही आई संत्रे तोडून संध्याकाळी घरी आली, का मंग घरात गारवा येते.

प्रणालीनं चिठ्ठी दोन्ही हातांनी दिली.

बाईंचं बोट ओठांवरच राहिलं. झाडाखालचा गारवा! काय ते आपलं वाक्य, शेंबड्या पोरालाही सुचेल असं. आणि या लेकराच्या पोटात काय होतं! आपलं त्यानं घेतलं असतं तर त्याचं तिथंच राहिलं असतं, कुणाला कळलंही नसतं. मग एकदम त्यांच्या डोळ्यांसमोर घरची बाज आली. उघडू पाहणारं एक तोंड आलं, आणि त्याच्या आधी उघडलेलं स्वतःचं. रोजचं. पाहुण्यांसमोरचं, पोह्यांचं, खांद्याच्या कळेचं.

बाजार उठल्यावर मॅडम जवळ येऊन बसल्या. प्रणालीनं घरी काय केलं ते बाईंनी कसंबसं सांगितलं, त्यात सकाळचा आवेश काही उरला नव्हता. मॅडमनी आधी प्रणालीला बोलावलं आणि बजावलं की पाणी आणि औषध बाजारात मांडायचं नसतं, ते मागायच्या आधी द्यायचं. पोरीनं मान खाली घातली. मग बाईंनी विचारलं, हा कुलदीप बोलाले लागला कसा? मागं तर गावात कुणाशी बोलत नव्हता.

मॅडमनी शेजारचं पोतं घडी करून ठेवलं. मग म्हणाल्या, "काकू, बोलाचं त्याले पहिल्यापासूनच होतं. आमीच थांबत नव्हतो."

प्रेमलताबाई उठल्या, मॅडमच्या गालावरून हात फिरवून कानशिलावर बोटं मोडली आणि घरी निघाल्या. जातानाही गप्पच. लोकांना वाटलं, शाळेत काहीतरी मोठंच झालं.

दुपारी चहा केला. गूळ घालून, आलं ठेचून, पुंडलिकरावांना आवडतो तसा. कप बाजेजवळच्या स्टुलावर ठेवला आणि स्वतः समोर पाटावर बसल्या. कपावर हात ठेवला नाही, बशी झाकली नाही. फक्त नेहमीसारखा कप उचलून त्यांच्या ओठांशी नेला नाही. आणि ओठ मिटले. प्रणाली येऊन शेजारी टेकली.

पुंडलिकरावांनी चहाकडे पाहिलं, मग बायकोकडे. चहा त्यांच्या हाताच्या अंतरावर होता, तरी हात काही पुढं गेला नाही. हूं, म्हणाले. बाई गप्प. त्यांनी भुवई उडवली. एरवी एवढ्यावर बाईंनी सारं पुराण सांगितलं असतं: गाय आज कशी उधळली, शेजारणीच्या सुनेनं काय केलं, पोरगा राजू बगीच्यातून अजून कसा आला नाही. आज एक अक्षर नाही. घरात भांडं वाजेना. चहावरची वाफ कमी कमी होत गेली. पुंडलिकरावांच्या डोळ्यांत पहिल्यांदा आश्चर्य आलं, मग राग आला, आणि मग जे आलं ते बाईंना पाहवेना. भिऊन गेलेल्या लेकरासारखा तो माणूस त्यांच्या मिटलेल्या तोंडाकडे पाहत होता. द्यावं सोडून सगळं, बोलावं भडाभडा, असं वाटून बाईंचे ओठ उघडू लागले. नातीनं आपला छोटा हात आजीच्या हातावर घट्ट ठेवला.

पुंडलिकरावांची हनुवटी हलली. गळ्याची शीर फुगली. सबंध मंडी हलवणारा तो गळा एका शब्दासाठी किती वेळ झगडला, आणि समोरच्या दोघी हलल्या नाहीत.

"तू," ते म्हणाले. आवाज गंजलेल्या बिजागरीसारखा निघाला. पुन्हा थांबले. पुन्हा जोर केला. "तू... बोल."

चहा नव्हताच मागितला त्यांनी.

"वाक्य झालं, आजी," प्रणाली हळूच म्हणाली. "पूर्ण झालं. देऊन टाक."

प्रेमलताबाईंनी तोंड उघडलं. जन्मात पहिल्यांदा त्यांना एक शब्द सुचेना. डोळ्यांतून धार लागली होती. पुंडलिकराव काही म्हणायला पुढं झुकले, तर प्रणालीनं ओठांवर बोट ठेवून त्यांना थांबवलं. आणि मग आजोबा आणि नात, दोघंही, आजीचं वाक्य यायची वाट पाहत बसून राहिले.