मास्तरांचा डावा हात

“बघ,” मास्तर म्हणाले.

अर्धांगाचा झटका येऊन गेल्यापासून त्यांच्या तोंडात एवढाच एक शब्द उरला होता. भूक लागली तरी ‘बघ’, राग आला तरी ‘बघ’.

काकू पुढे वाकल्या. टेबलावर फरशी धुण्याच्या यंत्राची इंग्रजी पुस्तिका उघडी होती आणि मास्तरांचं डावं बोट ‘चार्ज’ या शब्दावर टेकलेलं होतं. मग तो हात कागदावरून उठला, वर आला आणि सदऱ्याच्या खिशाशी थांबला.

“खिसा!” काकू म्हणाल्या. “म्हणजे यंत्र मोडलं तर गिऱ्हाइकाच्या खिशाला चाट. हा बॅटरीचा चार्ज नव्हे. आदेबितारे.” आणि त्यांनी इटालियन ओळ लिहून टाकली.

समोरच्या साहेबांनी चहाचा कप खाली ठेवला. भाषांतराच्या ऑफिसातून ते पहिल्यांदाच घरी आले होते.

“काकू, राग मानू नका. पण ते छाती चोळत होते.”

“खिसा छातीवरच असतो, साहेब. तुमचा काय गुडघ्यावर आहे?”

दाराशी उभ्या लेकीने कपाळाला हात लावला.

मास्तरांनी जन्मभर शाळेत इंग्रजी शिकवलं. काकूंची आई इटालियन नन्सच्या दवाखान्यात चादरी धुवायची, तेव्हा ती भाषा काकूंच्या कानात लहानपणीच शिरली आणि लिहिणं मागाहून आलं. इंग्रजीची मात्र त्यांना नुसती अक्षरं लागायची. दोघांची डोकी जोडली तेव्हा कुठे एक भाषांतरकार तयार झाला होता.

सुरुवातीला मास्तर अर्थ तोंडाने सांगत. त्यावरून भांडण व्हायचं. इंग्रजी एका ‘क्लिअर’वर सगळं भागवतं, इटालियनला पाण्यासाठी लिंपिदो लागतो, रस्त्यासाठी लिबेरो, बोलण्यासाठी क्यारो. “नुसतं क्लिअर क्लिअर काय करता? काय झालंय ते दाखवा,” असं एकदा काकू कडाडल्या, आणि मास्तर खुर्चीवरून उठले. तेव्हापासून पाणी असेल तर पेला उजेडात धरत. रस्ता असेल तर खुर्च्या बाजूला सारून खोलीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत ऐटीत चालून दाखवत. शेजारचे म्हणत, यांच्याकडे रोज नाटकाची तालीम चालते. ते काही खोटं नव्हतं. करून दाखवलं की काम व्हायचं. प्रत्येक पुस्तिकेच्या शेवटच्या पानावर, अगदी बारीक अक्षरांत का होईना, दोन नावं छापून यायची.

“त्या दोन नावांचंच बोलायला आलोय,” साहेब म्हणाले. “इंग्रजीचा अर्थ आता आम्ही ऑफिसातून देऊ. इटालियन तुमचं. कामात कपात नाही. फक्त नाव एकच जाईल.”

“का?”

“काकू, ज्यांना बोलता येत नाही, त्यांच्या भरवशावर आम्ही यंत्राच्या सूचना कशा छापायच्या? उद्या कुणाचा हात सापडला तर?”

“बरोबर आहे. पण आमच्या ओळीने आजवर कुणाचा हात सापडला? सांगा ना.”

“तसं नाही. पण...” साहेबांनी आवाज उतरवला. मास्तर समोरच बसलेले असताना उतरवला, हे काकूंच्या डोक्यात गेलं. “खरं सांगू? विचारता तुम्ही आणि उत्तरही तुम्हीच देता. ते नुसता हात हलवतात.”

काकूंनी पुस्तिका मिटली. लिहिलेले कागद त्यात घातले, त्यावर टोपण लावलेलं पेन ठेवलं आणि सगळं साहेबांपुढे सरकवलं.

“पेन तुमच्याच ऑफिसचं आहे. दोन नावं छापणार असाल तर या. एकच छापायचं असेल तर माझंही नको. पाट्या टाकायला मी लहानपणी शिकले नाही, आता काय शिकणार?”

साहेब गेल्यावर लेक बोलायची थांबली नाही. “हातचं काम घालवलंस! का? तर हट्ट. आई, मलाही वाईट वाटतं गं. पण बाबांना नाही कळत आता. ते हात हलवतात आणि तू त्यात अर्थ भरतेस.”

“तू त्यांचीच मुलगी ना?”

“म्हणून तर बोलतेय. दुसरं कोण बोलणार तुला?”

हाच किडा काकूंच्याही मनात अधूनमधून वळवळायचा. खिसा की छाती? त्यांनी मास्तरांकडे बघितलं. मास्तर खिडकीकडे बघत होते.

लेकीने मास्तरांच्या चाकाच्या खुर्चीचा निखळलेला पायठेवा त्या दिवशी चिकटवला होता. गोंदाची ट्यूब टेबलावर पडली होती आणि तिच्यावर इंग्रजीत बारीक सूचना होत्या. काकूंनी ती उचलली. परीक्षा घ्यायचा विचार नव्हता. हाताला काम हवं होतं, एवढंच.

“अहो, हे काय म्हणतंय? सेट. कुठला सेट?”

मास्तरांनी ट्यूबवरची ओळ बराच वेळ वाचली. मग काकूंचं बोट मुठीत आवळलं.

“आवळायचं? म्हणजे नीट बसवायचं. रेगोलारे.”

“बघ!” मास्तरांनी ट्यूब भिरकावली. ती भिंतीवर आपटली.

“आई, दुखतंय त्यांना कुठेतरी,” लेक धावली.

“थांब तू.”

मास्तरांनी काकूंचा तळवा ओढून टेबलावर पालथा ठेवला, त्यावर आपला डावा हात दाबला, आणि काही केल्या उचलेनात. लेक म्हणाली, “बाबा, सोडा तिला.” त्यांनी तिच्याकडे बघितलंसुद्धा नाही. चहाच्या कपांवर माशी बसून उडाली. काकूंनी हात सोडवून बघितला. तो सुटला नाही.

“थांबायचं,” काकू हळूच म्हणाल्या. “लावून ठेवायचं आणि गोंदाने आपणहून घट्ट धरेपर्यंत थांबायचं. इटालियनमध्ये ‘फार प्रेसा’!”

मास्तरांचा हात सैल झाला.

“मग असं आधी करायचं ना!” काकू ओरडल्या. “बोट आवळून कुणाला कळतं? मला काय स्वप्न पडतं?”

“बघ, बघ, बघ!” मास्तरही ओरडले.

“माझीच चूक? वा रे वा! तुमची खूण अर्धी आणि चूक माझी?”

लेक भिंतीशी उभी होती. भांडण बरंच चाललं. ते जरा निवळल्यावर तिने ट्यूब उचलून आणली आणि वडिलांच्या हाताशी ठेवली.

“आई, साहेबांना फोन लावू? आत्ता रस्त्यातच असतील.”

“कशाला?” काकू डोळे पुसून चष्मा घालत म्हणाल्या. “त्यांना दाखवायला नव्हतं केलं. कागद आण. आणि पेन दे तुझं.”

लेकीने दोन्ही आणून दिलं आणि, कधी नव्हे ती, खुर्ची ओढून बसली. मास्तरांनी ट्यूब फिरवली. मागच्या बाजूला आणखी दोन ओळी होत्या. त्यांनी बोट टेकवलं.